हा अजून पळतोच आहे का?

माझ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे टेबलावर मांडलेल्या छोट्या रेल्वेच्या जगात, आधी एक माणूस होता. हातात बॅग, टाय उडून खांद्यावर गेलेला, एक पाय हवेत, सुटलेल्या गाडीमागे फलाटावरून जीव खाऊन पळणारा. मला तो भयंकर आवडायचा, घरी कोणीही आलं की आधी तोच दाखवायचो. मग सुट्टीत भाची आली, स्टुलावर चढून अर्धा-पाऊण तास गुपचूप गाड्या बघत बसली आणि सातवी की आठवी फेरी झाल्यावर म्हणाली, "मामा, हा अजून पळतोच आहे का? त्याला थांब म्हण ना, गाडी परत इथेच येणारे."

झालं. त्यानंतर मला तो माणूस बघवेना. दर फेरीला गाडी त्याच्या नाकासमोरून जायची आणि हा आपला एका पायावर. शेवटी ब्लेडने उचकटून काढला.

पण त्या एका वाक्याने माझं सीन लावायचं सगळं गणितच बदललं. म्हणजे बघा, लेआउटवर हलतं काय, तर गाडी. फार तर सिग्नल, फाटक, कुठे मोटर लावली असेल तर पवनचक्की. बाकी सगळं जग गोठलेलं. त्यामुळे उडी मारणारा, पडणारा, पळणारा, भांडताना हात उगारलेला असे जे सीन पुतळ्यांच्या पॅकेटवर भारी दिसतात ते लेआउटवर दहा मिनिटांत खोटे पडतात. याउलट जी माणसं खऱ्या जगातही बराच वेळ एका जागी असतात, गळ टाकून बसलेला, झाडाखाली झोपलेला, बंद फाटकाशी गाडीचं इंजिन बंद करून दाराला टेकून उभा राहिलेला ड्रायव्हर, ती कितीही वेळ बघा, खरीच वाटतात. आणि दुसरं म्हणजे घटना घडताना दाखवण्यापेक्षा घडून गेल्यावरची दाखवली की डोकं बाकीचं आपोआप भरून काढतं. पळणाऱ्याच्या जागी मी आता गाडी चुकलेला माणूस बसवलाय. स्वतःच्याच बॅगेवर बसलाय, रुळांकडे पाठ करून. त्याच्या मागून किती का गाड्या जाईनात, त्यातली एकही त्याची नाही.

तो बनवायला मात्र मजा आली. माझा लेआउट एचओ, म्हणजे १:८७, त्यामुळे पावणेसहा फुटाचा माणूस जेमतेम २० मिलिमीटर भरतो. प्रायझर या जर्मन कंपनीच्या न रंगवलेल्या पुतळ्यांच्या मोठ्या पाकिटात उभी माणसं ढीगभर, पण मला हवं तसं वैतागून बसलेलं एकही नाही. मग एका उभ्याला कमरेत पुढून आणि गुडघ्यात पाठीमागून व्ही आकाराची खाच मारून दुमडला, डोकं कापून थोडं खाली झुकवून परत चिकटवलं. डोकं झुकवणं सगळ्यात महत्त्वाचं हं. तयार पुतळे सगळे सरळ समोर बघतात आणि खरी माणसं तशी क्वचितच बघतात. मानेला जरासा तिरका छेद देऊन डोकं फिरवून चिकटवा, दोन माणसं एकमेकांशी बोलतायत हे लगेच कळतं, हात हलवायची पण गरज नाही.

आता माझा सगळ्यात लाडका सीन. लेआउटच्या डाव्या कोपऱ्यात एक सांधा आहे तिथे मालगाडीचा एखादा डबा हमखास उतरतो. तीन वेळा रूळ उखडून परत बसवले, चाकांचं अंतर गेजने मोजलं, डब्यांत वजन टाकलं, काही उपयोग नाही. शेवटी हात टेकले आणि त्या जागी रुळावरून उतरलेल्या डब्याचाच सीन लावून टाकला. बाजूला जॅक, लाकडाचे ठोकळे, नारिंगी जॅकेटातला एक माणूस वाकून चाकाखाली बघतोय आणि पाच जण कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघतायत. हे प्रमाण महत्त्वाचं आहे, एक काम करणारा आणि पाच बघणारे. आता तिथे खरंच डबा उतरला की मंडळी आधीच हजर असतात आणि पाहुण्यांना वाटतं मी मुद्दाम केलंय.

दुसरा सीन पत्र्याच्या शेडवर अडकलेल्या बॉलचा. खरा फुटबॉल २२ सेंटिमीटर व्यासाचा, ८७ ने भागा, अडीच मिलिमीटर. बायकोच्या तुटलेल्या माळेतला एक मणी बरोब्बर त्या मापाचा निघाला, त्याला पांढरा रंग मारून शेडच्या पन्हाळीत बसवला. खाली तीन पोरं माना वर करून उभी, एकाच्या हातात काठी, काठी अर्थातच पुरत नाहीये. कोपऱ्यावर एक म्हातारा लांबून बघतोय, शेड बहुतेक त्याचीच असावी. लोकांना बॉल लगेच दिसत नाही, आधी पोरं दिसतात, मग त्यांची नजर कुठे आहे ते बघत बघत वर जातात आणि मग हसतात. त्या दोन-तीन सेकंदांसाठी सगळा खटाटोप.

रेल्वेचे फोटो काढणारा माणूस तर प्रत्येक लेआउटवर असतो, पुलावर ट्रायपॉड लावून. मला त्याचा कंटाळा आलाय खरं सांगायचं तर. ठेवायचाच असेल तर त्याचं नशीब फुटकं ठेवा. माझा फोटोवाला लूप लाइनच्या, म्हणजे मुख्य लाइनला समांतर बाजूच्या रुळांच्या, अलीकडे उभा आहे आणि त्या लूपवर मी कायम एक लांबलचक मालगाडी उभी करून ठेवतो. पलीकडून एक्स्प्रेस जाते, त्याला फक्त डब्यांच्या फटीतून रंग दिसत असणार.

माणसांबद्दल एवढं बोललो पण आता मला जास्त वेड लागलंय ते माणूस नसलेल्या सीनचं. म्हणजे खुणांचं. आणि रेल्वेच्या आसपास खुणा इतक्या असतात की लेआउट संपेल पण त्या संपणार नाहीत.

उदाहरणार्थ पूल. नदीवर नवा पूल बांधताना जुन्यावरची वाहतूक चालू ठेवायची असते, म्हणून नवा बहुतेक वेळा जुन्याला चिकटून बाजूला बांधतात, मग जुन्याचे गर्डर काढून नेतात आणि दगडी खांब तसेच पाण्यात राहतात. लेआउटवर हे करायला काय लागतं? फोमचे दोन तुकडे, दगडाच्या रेघा कोरलेल्या, माथ्यावर झुडूप, पाण्याच्या पातळीला हिरवट-काळा पट्टा. एका संध्याकाळचं काम, पण त्याने तुमच्या रेल्वेला एकदम साठ-सत्तर वर्षांचा भूतकाळ मिळतो. ज्यांना कळतं ते लोक त्या खांबांसमोरून हलत नाहीत, माझ्या महागड्या इंजिनाकडे बघत पण नाहीत.

तसंच उखडलेलं सायडिंग, म्हणजे डबे उभे करायची बाजूची लाइन. खडी पसरून पातळ केलेला पांढरा गोंद सोडायचा (पाण्यात अर्धा-अर्धा, आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका नाहीतर गोंद खडीवर मोत्यासारखा गोळा होऊन बसतो), तो ओला असतानाच स्लीपर दाबून बसवायचे आणि थोडं आवळल्यावर बरेचसे उपटून काढायचे. खाली ओळीने खाचा राहतात. एक-दोन कुजके स्लीपर तसेच ठेवायचे आणि शेवटी एकटा बफर, म्हणजे लाइन संपते तिथला गाडी अडवायचा अडसर, गवतात, ज्याला आता कोणाला अडवायचंच नाहीये. मग त्या खाचांमध्ये एखादं झाड लावायचं आणि इथेच लोक घोळ घालतात. रुळांच्या मधोमध १५ सेंटिमीटरचं झाड ठोकतात, म्हणजे खऱ्यात १३ मीटर, म्हणजे ते सायडिंग बंद होऊन निदान एक पिढी उलटली, आणि शेजारच्या बफरवर लाल रंग ताजा! झाडाची उंची म्हणजे कॅलेंडर आहे. मी चार सेंटिमीटरच्या वर गेलो नाही. लाइन बंद होऊन सात-आठ वर्षं झाली असावीत असं माझं मी ठरवून टाकलंय आणि मग बाकी सगळं त्या हिशोबाने, रंग उडालेला पण पूर्ण नाही, पाटी वाकडी पण अजून वाचता येते अशी.

पाऊलवाट हा तर फुकटातला सीन. फलाटाच्या टोकाशी कुंपणाची एक फळी काढा, आणि तिथून मागच्या घरांपर्यंत गवतात एक बारीक तिरकी वाट. गेटपर्यंत वळसा घालून कोण जातंय? स्टॅटिक ग्रास, म्हणजे स्थिर विजेने उभे राहणारे गवताचे बारीक तंतू, लावायच्या आधी गोंद सगळीकडे फिरवायचा, फक्त ती रेघ सोडून, मग रेघेवर बारीक चाळलेली माती. कडेला दोन मिलिमीटरचे तंतू आणि जरा लांब गेल्यावर चारचे, म्हणजे खऱ्या मापात वीतभर आणि मग गुडघ्याच्या जरा खाली. एकदम सगळीकडे एकाच उंचीचं गवत लावलं की गालिचा दिसतो.

रुळांचा रंग पण लोक विसरतात. कडा गंजाच्या तपकिरी, माथा फक्त जिथे रोज गाड्या जातात तिथेच चकचकीत. फलाटात शिरायच्या आधी गाड्या ब्रेक मारतात तिथे खडी ब्रेकच्या भुकटीने लालसर-तपकिरी होते, आणि जिथे इंजिन सिग्नलला थांबून राहतं तिथे दोन रुळांच्या मध्ये तेलाचा काळा पट्टा. मी सिग्नलखाली हे केलं तेव्हा बायको म्हणाली, डाग पडलाय, पुसू का. म्हटलं अगं तीन तास लागलेत तो डाग पाडायला. (वापरात नसलेल्या लाइनवर माथाही गंजका रंगवता येतो पण मग तिथे इंजिन चालणार नाही, वीज रुळांतूनच येते ना, हे मी स्वतः रंगवून झाल्यावर मला आठवलं.)

वाऱ्याची दिशा. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. लेआउटचा एक फोटो काढला आणि बघतो तर चिमणीचा कापसाचा धूर उजवीकडे चाललाय, दोरीवरचे कपडे डावीकडे, आणि स्टेशनवरचा झेंडा माझ्याकडे. तीन दिशांना वारा. धूर आणि झेंडा फिरवता आला पण कपड्यांची दोरी घराच्या भिंतीला पक्की चिकटवलेली, मग सरळ घरच उलटं फिरवलं. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात तसं वासे फिरले, कपडे फिरले, फक्त आता त्या घराचं पुढचं दार थेट रुळांच्या बांधावर उघडतं. दारासमोर मी एक खुर्ची ठेवलीय. राहणाऱ्याला गाड्या आवडत असतील.

कबुतरांचं एक सांगतो. खऱ्या मापात कबूतर चार मिलिमीटरपेक्षाही लहान, ते कोरायचा मी प्रयत्न केला, दोन दिवस डोळे दुखले आणि निघाले ते तांदळाचे दाणे. मग कबुतरं टाकून दिली आणि पादचारी पुलाच्या तुळईखाली फलाटावर नुसते पांढरे ओघळ आणि ठिपके मारले. आता सगळे मान वर करून कबुतरं शोधतात. एका मित्राने तर मला दिसली म्हणून सांगितलं.

आता गमतीचे सीन. हा वादाचा विषय आहे, काही जण म्हणतात लेआउटवर विनोद नकोच, खऱ्यासारखं ठेवा. इंग्लंडमधल्या पेंडन म्युझियममध्ये १९३० च्या आसपासची खेडी उभी केलीत, खऱ्या घरांची मापं घेऊन एकेक झोपडी, तिथे उडती तबकडी उतरवली तर पाप लागेल. पण दुसऱ्या बाजूला जॉन ॲलन. या अमेरिकन माणसाने स्वतःच्या रेल्वेचं नावच असं ठेवलं होतं की उच्चारलं की 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असं ऐकू यावं, आणि त्याच्याकडे डबे ओढायला एमा नावाचा एक डायनोसॉर होता, पाठीवर उभ्या चपट्या चकत्या असलेला स्टेगोसॉरस, इंजिन नंबर १३. आणि हाच माणूस गंजके, मळके, झिजलेले डबे करण्यात आणि आरसे लावून लेआउट दुप्पट दाखवण्यात सगळ्यांच्या पुढे होता. १९७३ मध्ये तो गेला आणि काही दिवसांतच आग लागून त्याचा लेआउटही गेला, पण एमाचे फोटो बघून लोक अजून हसतात. माझ्या मते एमा चालते कारण ती कामाला आहे. तिला नंबर आहे, तिला डबे शंट करायचेत, म्हणजे इकडचे तिकडे हलवायचेत. उडत्या तबकडीला लेआउटवर काही कामच नसतं, ती नुसती बघा बघा मी किती गमतीशीर असं ओरडत बसते.

जर्मनीत हॅम्बुर्गला मिनियाटुर वुंडरलांड नावाचं मॉडेल रेल्वेचं प्रचंड प्रदर्शन आहे, ते मी फक्त व्हिडिओत पाहिलंय. २००१ पासून चालू आहे, अडीच लाखांच्या वर माणसं आहेत तिथे, आणि तरी त्यात लपवलेल्या वात्रट गोष्टी शोधायला लोक तासन्‌तास काचेसारखे डोळे करून उभे राहतात. पण त्यांच्याकडे जागा आहे हो. आपल्या टेबलाएवढ्या लेआउटवर एका नजरेत दोन विनोद आले की दोन्ही मरतात. मी स्वतःला नियम घातलाय, एका ठिकाणी उभं राहून जेवढं दिसतं तेवढ्यात एकच खोडी. त्यामुळे नदीतला मगरीचा डोळा काढावा लागला, वाईट वाटलं.

रात्रीच्या दिव्यांचं थोडक्यात. १२ व्होल्टला पांढऱ्या एलईडीला लोक ४७० ओहमचा रेझिस्टर लावतात, जळत नाही, बरोबर आहे, पण घराच्या खिडकीतून स्टेडियमसारखा उजेड येतो. मी १० किलोओहम लावतो, करंट एक मिलिअँपच्याही खाली जातो आणि खोली खोलीसारखी दिसते. सगळ्या खिडक्या पेटवू नका, तीनातली एक पुरे. एका खिडकीत निळसर एलईडी, आर्डुइनोवरून (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) कमी-जास्त होणारा, तो टीव्ही. वेल्डिंगचा दिवा करायचा असेल तर लुकलुक सोपी आहे, खरी गंमत मधल्या थांबण्यात आहे, वेल्डर मध्येच थांबतो, बघतो, परत सुरू करतो, ते आठ-दहा सेकंद अंधाराचे नसतील तर ती दिवाळीची माळ वाटते. आणि स्टेशनबाहेरचा एक खांबावरचा दिवा मी मुद्दाम मरायला टेकलेला केलाय, फडफडतो, विझतो, परत लागतो. बायकोने मागून वायर दोनदा दाबून बघितली.

आणि एक सीन असा आहे जो मी कोणाला दाखवत नाही कारण दाखवण्यासारखं काही दिसतच नाही. कोपऱ्यातल्या घराच्या वरच्या खोलीत टेबल आहे आणि त्या टेबलावर माझाच लेआउट आहे. माझा २.४ मीटर लांब, त्याला ८७ ने भागलं की २८ मिलिमीटरच्या आत. डबा अडीच मिलिमीटरचा. रुळांतलं अंतर ०.१९ मिलिमीटर येतं, ते मी काही केलं नाही, पेन्सिलीची एक करडी रेघ ओढली आणि वर हिरवी धूळ. शेजारी एक माणूस उभा, मान खाली. खिडकी एवढीशी, आणि त्या घरावर झाडाची सावली, त्यामुळे तिथे काय आहे ते मला सोडून कुणाला कळत नाही. बायकोला सांगितलं होतं, ती एवढंच म्हणाली की मग त्या घरातली बाई कुठाय. खाली स्वयंपाकघरात दिवा लावला लगेच.

जाता जाता सफाईचं. लेआउटवर व्हॅक्यूम फिरवताना नळीच्या तोंडाला जुना पायमोजा ताणून रबर लावा, पातळ नायलॉनचा. धूळ आत जाते आणि सुटलेल्या वस्तू मोज्यावर अडकतात. मागच्या महिन्यात मी मोजा लावला तो अर्धं काम झाल्यावर. नंतरच्या अर्ध्यात फळीच्या वाटेवर मुद्दाम टाकलेला एक बूट मिळाला, एक खोरं मिळालं, एक हात मिळाला तो कोणाचा हे अजून समजलेलं नाही. शेडवरचा बॉल पहिल्या अर्ध्यातच गेला. पिशवी वर्तमानपत्रावर उलटी करून भिंग घेऊन बसलो होतो तासभर, नाही सापडला, आणि त्या मापाचा दुसरा मणी माळेत नाही. पोरं अजून तशीच वर बघत उभी आहेत.